वाचकांचे प्रश्न : चिखलखेकडा आणि मराठवाड्याचं खारं पाणी

समुद्री खेकडे पाळण्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागल्यापासून त्याबद्दलच्या पत्रांची संख्या वाढली आहे. बहुतेक प्रश्न एकाच खेकड्याभोवती फिरतात. व्हिडिओवाले त्याला मड क्रॅब, म्हणजे चिखलखेकडा म्हणतात, किनाऱ्यावर तो चिंबोरी म्हणून विकला जातो आणि शास्त्रात त्याच्या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव ‘सिला’ आहे. म्हणून या अंकाचं सदर त्यालाच दिलं आहे.

माझं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं. बोअरचं पाणी खारं लागतं, डाळ शिजत नाही. टीडीएस २४०० आला. मड क्रॅब खाऱ्या पाण्यात होतो म्हणतात. एकजण पाच हजार पिल्लं द्यायला तयार आहे, पण निम्मे पैसे आधी मागतो. घ्यावीत का?
— एक शेतकरी, ता. गेवराई, जि. बीड

घेऊ नका. आगाऊ रक्कम दिली नसेल तर अजिबात देऊ नका.

पहिली गोष्ट पाण्याची. तुमचा टीडीएस २४०० म्हणजे लिटरमागे २.४ ग्रॅम क्षार. मत्स्यपालनाच्या भाषेत २.४ पीपीटी. समुद्राचं पाणी ३५ पीपीटीच्या आसपास असतं आणि चिखलखेकडा नीट वाढतो तो साधारण १० ते २५ पीपीटीत, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात. म्हणजे तुमचं पाणी जिभेला खारट लागलं तरी या खेकड्याच्या लेखी ते गोडंच आहे. शिवाय त्यातले क्षारही वेगळे. डाळ शिजत नाही ती पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. समुद्राच्या पाण्यात मोठा वाटा सोडियम क्लोराइडचा.

व्हिडिओत बोअरच्या पाण्यात खेकडा चालताना दाखवतात, ते खोटं असेलच असं नाही. मोठा खेकडा कमी खाऱ्या पाण्यात काही दिवस तग धरतो. पण अंगातले क्षार टिकवण्यातच त्याची ताकद जाते, खाणं कमी होतं आणि कवच टाकायची वेळ आली की तो मरतो. खेकडा कवच टाकल्याशिवाय वाढत नाही. त्यामुळे आठ दिवस जगला यावरून तो वाढेल असा हिशेब कुणी करू नये.

मीठ टाकून पाणी खारं करता येईल का, हा पुढचा प्रश्न येतोच. तुमच्या मापाच्या तळ्याचा उतार एकास एक धरला तर त्यात २,१९६ घनमीटर पाणी बसतं. १५ पीपीटी करायला घनमीटरमागे १५ किलो, म्हणजे जवळपास ३३ टन मीठ लागेल. आणि तेही नुसतं मीठ. कवचासाठी लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम वेगळं. उन्हाळ्यात एक तृतीयांश पाणी उडालं की तेच १५ पीपीटी साडेबावीसवर जातं. पावसाळ्यात ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर नुसत्या तळ्याच्या तोंडावर ६३० घनमीटर गोडं पाणी पडतं. किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पाण्याने हा तोल सांभाळता येतो. तुमच्याकडे तो कशाने सांभाळणार?

यापेक्षा मोठी काळजी जमिनीची आहे. खेकड्याच्या पायांची टोकं अणकुचीदार असतात आणि बिळं करणं हा त्याचा स्वभाव आहे. प्लास्टिकला एक छिद्र पडलं की १५ पीपीटीचं पाणी काळ्या मातीत मुरणार. अशा पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांमुळे त्यातून वीज वाहण्याची क्षमता, मीटरमागे २५ डेसिसीमेन्सच्या घरात असते. ३ च्या वर गेलेलं पाणीसुद्धा बहुतेक पिकांना त्रासदायक ठरतं. सोडियममुळे काळी माती फुगते, तिचे कण सुटे होतात, पाणी खाली झिरपत नाही आणि वरचा थर सिमेंटसारखा बसतो. पुढे जिप्सम टाका, भरपूर गोड्या पाण्याने धुवा, निचऱ्याचे चर काढा, असं वर्षानुवर्षं चालतं. ज्या भागात पिण्याचं पाणी टँकरने येतं तिथे जमीन धुवायला पाणी कुठून आणायचं?

पिल्लांच्या आकड्यावरूनही विकणाऱ्याची पारख होते. उघड्या तळ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक खेकडा सोडतात. ९०० चौरस मीटरला फार तर नऊशे. पाच हजार सोडले तर ते एकमेकांनाच खातील, कारण नुकतंच कवच टाकलेला मऊ खेकडा हे शेजाऱ्याचं आवडतं खाद्य. किनाऱ्यावरच्या चांगल्या तळ्यातही लपायला पाइपचे तुकडे आणि फांद्या ठेवूनसुद्धा निम्मे हाती लागले तर लोक समाधान मानतात.

बीज तळ्यातच तयार होईल ही आशाही सोडा. आपल्या ओढ्यातल्या खेकड्याची मादी थोडी पण मोठी अंडी घालते आणि पोटाखालच्या घडीतून थेट इवलाले खेकडे बाहेर पडतात. चिखलखेकड्याची मादी अंडी घालायला खाडी सोडून समुद्रात जाते. अंड्यांतून निघणारी अळी खेकड्यासारखी दिसतही नाही. झोइया नावाच्या पाच अवस्था, मग मेगालोपा, आणि साधारण तीन-चार आठवड्यांनी पहिलं पिल्लू. या अळ्यांना जवळपास समुद्राइतकंच खारं पाणी लागतं.

तुमच्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ आधी करून बघा. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचाही विचार करता येईल. तिच्या अळ्यांना निमखारं पाणी लागतं, पण हॅचरीतून आलेलं बीज पुढे गोड्या पाण्यात वाढतं. कोळंबीच्या या उदाहरणावरूनच ‘खेकड्याचंही तसंच’ असा गैरसमज पसरलेला दिसतो. मात्र डाळ न शिजणारं पाणी कोळंबीला मानवेलच असं नाही. बीज आणण्याआधी पाण्याची कठीणता आणि पीएच मत्स्यव्यवसाय विभागाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून तपासून घ्या.

तळं नको, पण घरातल्या खोलीत प्लास्टिकच्या डब्यांत, फिरत्या पाण्यावर खेकडे ठेवतात ते लातुरात जमेल का?
— एक पदवीधर तरुण, लातूर

तांत्रिकदृष्ट्या जमेल, कारण इथे पाणी थोडं लागतं. हजार लिटरला १५ ते २० किलो कृत्रिम समुद्री मीठ. साधं मीठ चालत नाही. प्रत्येक खेकडा वेगळ्या डब्यात, म्हणून एकमेकांना खाण्याचा प्रश्न मिटतो. पाणी डब्यांतून खाली येतं, घाण गाळली जाते, जैविक गाळणीतून आणि अतिनील दिव्याखालून पुन्हा वर चढतं.

बिघडतं ते जैविक गाळणीपाशी. त्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, पण त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. लोक संच जोडतात आणि दुसऱ्याच दिवशी खेकडे भरतात. आठवड्याभरात अमोनिया चढतो, खेकडे खाणं सोडतात, न खाल्लेली मासळी डब्यात कुजते, अमोनिया आणखी चढतो. गाळणी आधी महिनाभर रिकामी चालवा, रोज थोडा अमोनिया द्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आल्याशिवाय एकही खेकडा आणू नका. वीज गेली तर ओलसर डब्यातला खेकडा काही तास हवेतही श्वास घेतो. प्रवाह थांबल्यावर आधी गुदमरतात ते गाळणीतले जिवाणू. म्हणून इन्व्हर्टर पंपाला आणि हवेच्या यंत्राला लावा, दिव्याला नाही.

पण आमचा अडसर हिशेबाचा आहे. या पद्धतीत बहुधा पोकळ, म्हणजे नुकतंच कवच टाकलेले खेकडे आणून २० ते ३० दिवसांत भरवतात. वजन थोडंच वाढतं. कमाई होते ती पोकळ आणि भरलेल्या खेकड्याच्या भावातल्या फरकावर. ३०० ग्रॅमचे १०० खेकडे धरा, ३० किलो. रोज वजनाच्या ५ टक्के खाद्य म्हणजे दीड किलो मासळी, २५ दिवसांत साडेसदतीस किलो. पोकळ खेकडे किनाऱ्यावर, स्वस्त मासळी किनाऱ्यावर आणि जिवंत खेकड्याचा निर्यातदारही किनाऱ्यावरच. लातूरला पडेल तो येतानाचा आणि जातानाचा प्रवास, आणि त्यातली मर. शिकायचंच असेल तर सिंधुदुर्गात कांदळवनाच्या कडेने गट करून खेकडे पाळतात तिथे जाऊन बघा, चेन्नईच्या ‘सीबा’ या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेची प्रशिक्षणं बघा. पैसे मात्र यंत्र विकणाऱ्याच्या कागदावरचा नफा पाहून गुंतवू नका.

नांदेडच्या बाजारात कधीकधी मोठे समुद्री खेकडे येतात. ओळखायचे कसे, आणि नदीतल्या खेकड्यासारखेच करायचे का?
— एक गृहिणी, नांदेड

शेवटच्या पायांची जोडी बघा. समुद्री खेकड्यात ती वल्ह्यासारखी चपटी असते, आपल्या गोदावरीतल्या खेकड्यात टोकदार. मग पाठ बघा. पाठीवर डोळ्यांसारखे तीन गडद ठिपके असतील तर तो तीन ठिपक्यांचा खेकडा. त्याच्या कवचाच्या दोन्ही बाजूंना लांब काटा निघालेला असतो. चिखलखेकड्याची पाठ गुळगुळीत, हिरवट-तपकिरी असते आणि कडेला दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ दात, जवळपास सारखे.

घेताना जिवंतच घ्या. मेलेल्या खेकड्याचं मांस त्याच्याच पाचक रसांनी झपाट्याने सुटतं. दोरीने बांधलेला असला तरी डोळ्याजवळ बोट नेल्यावर डोळा आत ओढला गेला पाहिजे. नंतर उलटा करून पायांच्या मुळाजवळचं कवच अंगठ्याने दाबा. घट्ट राहिलं तर भरलेला, दबलं तर नुकतं कवच टाकलेला पोकळ. त्यात पाणीच जास्त निघेल. नरमादी पोटाखालच्या घडीवरून कळते: नराची अरुंद त्रिकोणी, पिकलेल्या मादीची रुंद गोल. जाड ओल्या सुतळीचं वजन खेकड्याच्या भावाने देऊ नका, दोरी सोडून तोलायला सांगा. भरलेल्या अर्ध्या किलोच्या खेकड्यातून सव्वाशे-दीडशे ग्रॅम मांस निघतं, त्या हिशेबाने माणसं मोजा.

बांधलेल्या दोरीसकट अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा. हालचाल थांबली की उलटा करून पोटाखालची घडी उचला आणि तिच्याखालच्या खळग्यात जाड सुई किंवा टोकदार सळई आरपार घाला. शुद्धीवर असलेला खेकडा उकळत्या पाण्यात टाकला तर तो स्वतःच पाय तोडतो, त्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि मांस पाणचट होतं; जिवाला त्रास होतो तो वेगळाच. कवच उघडल्यावर दोन्ही बाजूंचे करडे, पिसांसारखे कल्ले आणि डोळ्यांमागची छोटी पिशवी, म्हणजे जठर, काढून टाका. पिवळट-हिरवट भाग ही पाचक ग्रंथी आहे. खातात, पण पाण्यातली घाण तिथेच साठते, लहान मुलांना देऊ नका. अख्खा उकडायचा तर अर्ध्या किलोला १२ ते १५ मिनिटं. रश्श्यात करायचा तर नांग्या आधी ठेचून घ्या, नाहीतर मसाला आत जात नाही. येसूर घालून रस्सा दाट करणार असाल तर तो शेवटी लावा. आधी लावला तर भांड्याला बुडाशी धरतो आणि खेकडा शिजायच्या आत करपतो.

नदीच्या खेकड्याबाबत मात्र एक सांगणं गरजेचं आहे. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसाला लागणाऱ्या पर्णकृमीच्या अळ्या असू शकतात. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खेकडा पोटात गेला तर महिनोनमहिने खोकला राहतो, थुंकीतून रक्त येतं आणि क्षयरोग समजून उपचार होत राहतात. आपल्याकडे बारीक पाय पाट्यावर वाटून, गाळून त्याचा रस रश्श्यात घालतात. रस उकळल्यावर धोका उरत नाही. धोका असतो तो पाट्याचा. त्याच पाट्यावर लगेच कच्ची चटणी वाटू नका. पाटा, वरवंटा, गाळणं आणि हात साबणाने धुऊन पाट्यावर उकळतं पाणी ओता. आणि घरात कुणाला कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर त्याला कोणताच खेकडा देऊ नका, दोन्हींतलं प्रथिन जवळपास एकच आहे.

आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत खेकडा म्हणजे ‘सिला सेराटा’ असं आहे. इंटरनेटवर चार जाती दिसतात. खरं काय?
— बी.एस्सी. (प्राणिशास्त्र) विद्यार्थिनी, परभणी

चार जाती हेच खरं. फोर्स्कोल यांनी तांबड्या समुद्रातला खेकडा वर्णिला, ते लिखाण त्यांच्या मृत्यूनंतर १७७५ साली छापलं गेलं. ‘सिला’ ही प्रजाती दे हान यांनी १८३३ साली केली. १९४९ मध्ये एस्टाम्पाडोर यांनी फिलिपिन्समधल्या खेकड्यांत वेगळे गट दाखवले, पण १९६० च्या सुमारास सगळे एकाच नावाखाली आले आणि पुढची चार दशकं जगभरच्या वह्यांत ‘सेराटा’च राहिला. १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान यांनी मापं आणि जनुकं दोन्ही तपासून चार जाती पक्क्या केल्या: सेराटा, ट्रँक्वेबारिका, ऑलिव्हेसिया आणि पॅरामामोसेन.

भारताच्या किनाऱ्यावर प्रामुख्याने दोन भेटतात. डोळ्यांच्या मधले चार दात उंच, नांगीच्या मनगटाच्या बाहेरच्या बाजूला दोन ठळक काटे आणि सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी असेल तर सेराटा. डोळ्यांमधले दात बुटके गोलसर, मनगटावरचे काटे झिजल्यासारखे किंवा एकच, पायांवर नक्षी जवळजवळ नाही आणि नांगी तांबूस असेल तर ऑलिव्हेसिया. गोंधळ असा की जुन्या भारतीय लेखनात या लहान ऑलिव्हेसियालाच ‘सेराटा’ म्हटलेलं आहे. म्हणून १९९८ पूर्वीचा निबंध वाचताना नावाआधी वर्णन आणि आकार बघा. नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकण्यापूर्वी वरून, समोरून आणि नांगीचा जवळून असे तीन फोटो काढा. रंग आणि नक्षी नंतर उडते. कवचाची रुंदी दोन्ही बाजूंच्या नवव्या दातांच्या टोकांमध्ये मोजा आणि तसं वहीत लिहा.

विहीर खणताना काळ्या दगडात खेकड्यासारखी आकृती निघाली. समुद्री खेकड्याचं जीवाश्म असेल का? ऑनलाइनही दगडी खेकडे मिळतात, ते खरे असतात का?
— एक वाचक, ता. बदनापूर, जि. जालना

तुमच्या दगडात खेकडा नसणार. मराठवाड्याचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, वितळलेल्या दगडात कवच टिकत नाही. दोन लाव्ह्यांच्या मधले गाळाचे थर तळ्यांचे आहेत, समुद्राचे नाहीत. आकृती काळी, फांद्याफांद्यांची आणि सपाट असेल, सुईने खरवडल्यावर काळी भुकटी सुटत असेल, तर ती मँगनीजची नक्षी. पांढऱ्या काड्या एका मध्यापासून पसरलेल्या असतील तर ते झिओलाइटचे स्फटिक. आपल्या भागात ते विपुल आहेत आणि तेही जपून ठेवण्याजोगे. खेकड्याला डावी-उजवी बाजू सारखी हवी, पायाला सांधे हवेत, कवचावर बारीक दाणे हवेत. नदीकाठच्या गाळात मात्र लक्ष ठेवा. गोदावरी आणि मांजरेच्या गाळात प्राचीन हत्तींचे अवशेष मिळालेले आहेत. तसं हाड दिसलं तर ओढून काढू नका, जागेचा फोटो घ्या आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.

समुद्री खेकड्यांची जीवाश्मं समुद्री खडकांतच असतात. जवळचं उदाहरण कच्छचं; तिथले आणि सिंधमधले खेकडे स्टोलिच्का यांनी १८७१ साली वर्णिले. ‘सिला’चीही नामशेष जात आहे, ‘सिला ओझावाय’, जपानच्या मायोसीन काळातल्या खडकांतली. तो काळ २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा. बहुतेक वेळा हाती लागते ती नांगी, कारण तिचं कवच सगळ्यात जाड.

ऑनलाइन मिळणारा दगडी खेकडा बऱ्याचदा दुसऱ्या प्रजातीचा असतो, ‘मॅक्रोफ्थॅल्मस’, म्हणजे मोठ्या डोळ्यांचा. त्याच्या डोळ्यांचे देठ लांब असतात आणि ते आडवे मिटून बसायला कवचाच्या पुढच्या कडेला खाच असते. यातल्या ‘लात्रेये’ जातीचं नाव देमारे यांनी १८२२ साली जीवाश्मावरून ठेवलं आणि तीच जात पुढे चिखलात जिवंत सापडली.

खरेपणा असा तपासा. दहापट भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले तर रेझीन. मागच्या बाजूला, न दिसेल अशा जागी तापलेली सुई टेकवा. प्लास्टिकचा वास आला तर ओतीव. कापसाला अ‍ॅसिटोन लावून पुसा. कापूस तपकिरी झाला तर रंग दिलेला. पाय दगडाच्या एका गोळ्यातून निघालेले आणि कवच दुसऱ्याच छटेचं असेल तर दोन खेकडे जोडलेले. मात्र कवच मागून उघडल्यासारखं, झाकण उचलल्यासारखं दिसलं तर लगेच खोटं ठरवू नका. खेकडा कवच टाकताना मागच्या बाजूने बाहेर पडतो, आणि दगडात उरलेली ती त्याची टाकलेली कात असू शकते.